बंगला पुढून नका बघू, मागून बघा



गेल्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवर वास्तुशांतीला गेलो होतो. बंगला झकास झालाय. पुढं पोर्च, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, हॉलात पीओपी, त्यात निळे-पिवळे दिवे, किचनला ट्रॉल्या, तिन्ही बेडरूमला अटॅच संडास-बाथरूम. पंगत उठल्यावर घरमालक हौसेनं एकेक खोली दाखवत होता. मी त्याला विचारलं, "भाऊ, फवारा मारून आल्यावर कपडे कुठं काढणार?" तो हसला. "काय दादा, काढू की कुठंबी." मग विचारलं, "आन खुरपणीच्या बाया कुठं जाणार?" आता तिथं उभे असलेले सगळेच हसले. मला काही हसू आलं नाही. कारण 2016 साली मी घर बांधलं तेव्हा मीही असाच हसण्यावारी नेलं असतं.

आमची वस्ती नेवासा तालुक्यात, मुळेच्या पाटपाण्याखाली. ऊस, कांदा, थोडी कपाशी, चार गाया. जुनं घर पडायला आलं म्हणून स्लॅबचं बांधलं. नकाशा नगरच्या एका इंजिनिअरकडून काढून घेतला. त्याला दोष देत नाही. त्यानं विचारलं, बेडरूम किती, किचन केवढं, गाडी कुठं लावणार. मी तेवढंच सांगितलं. मी चिखलातून येतो, अंगावर औषधाचा वास घेऊन येतो, घरात रोज दोन बादल्या मळलेलं धुणं निघतं, हंगामात दहा-पंधरा बाया रानात असतात, यातलं एक अक्षर मी त्याला बोललो नाही. मग त्यानं शहरातल्या फ्लॅटचा नकाशा काढून दिला आणि मी तो आणून काळ्या रानात ठेवला.

पहिल्याच पावसाळ्यात कळलं. आपली काळी माती कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. मृगात दहा पावलं चाललं की बुटाला किलोभराचा गोळा. मागच्या दारातून आलो की थेट किचन, पुढच्या दारातून आलो की हॉल. खाली गुळगुळीत टाइल. मालकीण दिवसातून चार वेळा फरशी पुसायची. एकदा ओल्या चिखलावरून आई घसरली, मनगट मोडलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं हाड लवकर जुळत नाही. दीड महिना ती प्लॅस्टर घालून त्या सुंदर हॉलात बसून होती.

तिचं म्हणणं एकच. "आपल्या जुन्या घरात मी चाळीस वरीस कधी पडले का?"

नव्हती पडली, हे खरं. जुनं घर आठवून बघा. दारात पाण्याचा रांजण किंवा घंगाळ असायचं. पाय धुतल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नव्हतं. वहाणा ओट्याखाली. मग पडवी. घोंगडी, इळे, खुरपी, दावी सगळं पडवीच्या खुंटीला. मोरी एका कडेला, तिचं पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेर अळवाला नाहीतर केळीला. धुण्याचा दगड विहिरीच्या थारोळ्यापाशी. म्हणजे रान कुठं संपतं आणि घर कुठं सुरू होतं याची एक सीमा होती. सगळंच चांगलं होतं असं मी म्हणत नाही. संडास नव्हता, बाया पहाटे अंधारात जायच्या, ते दिवस परत नकोत. पण आपण स्लॅब टाकताना संडास आत आणला आणि पडवी फेकून दिली. पडवीच्या जागी पोर्च केला, आणि पोर्चात गाडी उभी राहते, माणूस नाही.

आता जरा नाजूक गोष्ट. कांद्याला फुलकिडे आणि करप्यासाठी आठ-दहा दिवसाला फवारा असतो. मी पंप पाठीवर मारायचो, घरी यायचो, कपडे बाथरूममधल्या बादलीत टाकायचो. घरात बादली तीच, साबण तोच, पुढं मशीन आलं तर मशीनही तेच. त्याच मशीनमध्ये नातवाची दुपटी. मालकिणीच्या हातावर चट्टे उठायचे, डोकं दुखायचं. आम्ही पाणी क्षारयुक्त आहे म्हणायचो, साबण बदलायचो, कोरफड लावायचो. शेवटी तालुक्याच्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी गोळ्या लिहायच्या आधी विचारलं, "फवारणीचे कपडे कोण धुतं?"

तीस वर्षं मी फवारा मारतोय, पण हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता. आपण त्याला औषध म्हणतो, घोळ तिथंच आहे. डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, पाणी नव्हे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यांनी काही विष प्यायलं नव्हतं. कातडीतून आणि श्वासातून अंगात गेलं. मग तेच कपडे जी बाई उघड्या हातानं चोळते, तिच्या अंगात काय जात असेल? फवारणाऱ्याची निदान बातमी झाली. धुणारीची कुणी मोजदाद केली नाही.

तेव्हा आमच्यात आता ठरलंय. फवाऱ्याचे कपडे घरात येत नाहीत. बाहेरच काढायचे आणि त्याच दिवशी धुवायचे, साठवायचे नाहीत. वेगळं टब, गरम पाणी, भरपूर पाणी, डिटर्जंट, हातात रबरी मोजे, दोनदा खळबळायचं, कडक उन्हात दोरीवर. घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. चुकून मशीनमध्ये टाकलेच तर नंतर मशीन नुसतं साबणपाणी घालून एकदा फिरवायचं. आणि ते कपडे ज्यानं फवारा मारला त्यानंच धुवायचे. हे शेवटचं कलम मालकिणीनं घातलंय. मला सुरुवातीला जरा जड गेलं, आता सवय झाली.

पण हे सगळं करायचं तर जागा लागते. नुसत्या शिस्तीनं होत नाही. अंग घामानं भिजलेलं, भूक लागलेली, अंधार पडलेला, अशा वेळी माणूस जे जवळ असेल तिथं कपडे टाकतो. म्हणून घराच्या मागं गोठ्याच्या बाजूला मी मागच्या उन्हाळ्यात दहा बाय चौदाची पत्र्याची पडवी काढली. कुणाला उपयोग होईल म्हणून जरा तपशिलात सांगतो.

रानातून आलं की पहिल्यांदा तीन बाय चारचं पाय धुवायचं ठिकाण. नळ गुडघ्याएवढा उंच, खाली शहाबादी फरशी, पॉलिश न केलेली. गवंडी म्हणत होता टाइल चांगली दिसंल. म्हटलं, दिसणं पुढच्या दाराला ठेव. बाजूला कडाप्प्याची बैठक केली, बसून बूट काढता येतात. आई आता तिथंच बसून भाजी निवडते. वर खुंट्या, घरचे वेगळे आणि फवाऱ्याचे वेगळे, मधे चार हाताचं अंतर. पंप आणि औषधाचे डबे मात्र इथं नाहीत. ते गोठ्यापासून, पेंडीपासून आणि पोरांच्या हातापासून लांब, कुलपाच्या लोखंडी पेटीत.

मग चार बाय पाचची न्हाणी. तिला दोन दारं. बाहेरच्या दारानं आत शिरायचं, अंघोळ करून कपडे बदलायचे, आतल्या दारानं घरात. दारं पीव्हीसीची, चौकट सिमेंटची, कारण लाकूड तिथं चार वर्षं टिकत नाही. न्हाणीशेजारी वॉशिंग मशीन. मशीन बसवताना एकच गोष्ट सांगतो, अर्थिंग. वस्तीवरची लाइन कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे, कधी सिंगल फेज, कधी दाब कमी, कधी एकदम जास्त. ओली फरशी, लोखंडी मशीन, ओले हात. वेगळा अर्थिंगचा खड्डा घेतला आणि गळती झाली की आपोआप पडणारा ब्रेकर बसवला. वायरमन म्हणाला, एवढं कुणी करत नाही. म्हटलं, म्हणून तर करतोय.

आता माझी चूक. फरशीला दर चार फुटाला इंचभर उतार दिला, नहाणी ट्रॅप बसवला, पाइप टाकला, सगळं बरोबर. आणि पहिल्या पावसात पंधरा दिवसांत पाइप गच्च. काळी माती पाइपात बसली की सिमेंटसारखी. फोडाफोड करावी लागली. मग पाय धुवायच्या जागेनंतर लगेच दोन बाय दोनचा गाळाचा चेंबर केला. पाणी त्यात येतं, माती खाली बसते, वरचं निवळ पाणी पुढं जातं. पावसाळ्यात पंधरा दिवसाला फावड्यानं गाळ उपसायचा. ही एवढीशी गोष्ट आधी सुचली असती तर मजुरी आणि फरशी दोन्ही वाचलं असतं. तुम्ही बांधत असाल तर हे पहिल्यांदा करा.

पाण्याचंही दोन ठिकाणी वाटप केलंय. अंघोळीचं आणि घरच्या धुण्याचं पाणी नारळ-केळीला. पण रोज एकाच जागी साबणाचं पाणी सोडलं तर आपली भारी जमीन चोपण होते. आधीच पाटाच्या पट्ट्यात चोपण रानं काही कमी नाहीत. म्हणून नळी दर आठवड्याला झाड बदलते. फवाऱ्याच्या कपड्यांचं पाणी मात्र झाडाला नाही, पाटात नाही, गायांच्या हौदाच्या आसपासही नाही. त्याला वेगळा शोषखड्डा, विहिरीपासून साठ फूट लांब आणि उताराच्या बाजूला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं सगळ्या गावाचं सांडपाणी घरोघरच्या शोषखड्ड्यात मुरवून गटारं आणि डास घालवले. मग आपल्याला एका वस्तीवर दोन खड्डे जड का व्हावेत? फक्त काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्डा मोठा घ्यायचा आणि कडेनं खडी-वाळू भरायची.

पाय धुवायच्या जागेचा गायांनाही फायदा आहे. लाळ्या-खुरकूत माणसाच्या बुटावरून, कपड्यावरून एका गोठ्यातून दुसऱ्यात जातो. साथ असली की मी तिथं धुण्याच्या सोड्याचं पाणी ठेवतो, शंभर लिटरला चार किलो. डॉक्टर असोत नाहीतर दूधवाला, बूट बुडवूनच गोठ्यात. सुरुवातीला लोक चेष्टा करायचे.

आता संडासाकडं येतो. हा लेख खरं तर त्याच्यासाठी लिहायला घेतला आणि धुण्यातच गुंतलो.

कांदा लागवडीला आमच्याकडं बाया येतात. सकाळी नऊला येतात, पाचला जातात. मधे आठ तास. एक म्हातारी मावशी आहे, आमच्या रानात वीस वर्षं येते. भर उन्हात ती पाण्याला तोंड लावत नाही. मला वाटायचं, सवय असेल. एक दिवस मालकीण म्हणाली, "अहो, ती पाणी पीत नाही कारण पाणी प्यालं की जावं लागतं." कुठं जाणार? बांधाला आता झाडं राहिली नाहीत. राहिला ऊस. आणि उसात बिबट्या. आपल्या जिल्ह्यात नेवासा, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर कुठंही विचारा, उसात बिबट्याची पिल्लं सापडल्याच्या गोष्टी सगळीकडं. त्याच उसात आपण बायांना पाठवतो आणि वर म्हणतो, हल्ली मजूर मिळत नाहीत.

2018 साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. घरोघरी बारा हजाराचं अनुदान आलं, संडास झाले, चांगलं झालं. गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान तर 2000 पासूनच चालू होतं. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव त्याच्याही आधीपासून घेतलं जातं. पण मोजणी झाली ती घराची. रानात दिवसाचे आठ तास काढणाऱ्या बाईचा संडास तिच्या घरी असतो, तीन-चार किलोमीटरवर. तो कागदावर आहे, दुपारी बारा वाजता नाही. ऊसतोडीच्या टोळ्यांचं तर विचारूच नका. 2019 साली बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचा विषय विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या टोळ्या आपल्याच रानात येतात, आपल्याच उसाला कोयता लावतात. महिनोन्महिने ना आडोसा, ना धुवायला पाणी. हे कारखान्याचं काम आहे, सरकारचं काम आहे, मान्य. पण रान माझं आहे.

म्हणून पडवीच्या टोकाला एक संडास केला, चार बाय चार, दार बाहेरच्या बाजूला, आतून कडी, बाहेर हात धुवायला बेसिन आणि साबण. वर जाळी. आत एक झाकणाची बादली आणि खुंटी. बादली कशाला, असं गवंड्यानं विचारलं तेव्हा सूनबाईनंच त्याला सांगितलं की बायांना लागते. तो गप्प बसला. खाली दोन शोषखड्ड्यांचा संडास. मधल्या चेंबरमधून एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा, तो भरला की दुसरा. पहिला दोन वर्षं झाकून ठेवला की आत कोरडं सोनखत होतं, वास नाही, काही नाही. सेप्टिक टँकसारखी उपसायला गाडी बोलवायची भानगड नाही आणि कुणा माणसाला आत उतरावं लागत नाही. भांडं खोल उताराचं घेतलं, दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. गवंडी गॅसचा पाइप लावायला निघाला होता, तो या पद्धतीला लागत नाही. गॅस मातीतच मुरतो.

धाकटा भाऊ यावर अजून नाराज आहे. त्याचं म्हणणं, "बाहेरच्याला संडास दिला की घाण करतील. धुणार कोण?" त्याला म्हटलं, आपल्या पोरांनी आतल्या संडासात घाण केली तर कोण धुतं? तर म्हणाला, ते वेगळं. ते वेगळं का, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही ताणलं नाही. पण आपण सगळे जाणतो. मजुराच्या हातानं लावलेला, खुरपलेला, काढलेला, भरलेला कांदा आपल्या ताटात चालतो, फक्त त्यांनी वापरलेला संडास चालत नाही. जात अशी कुठं कुठं लपून बसलेली असते. आता प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. एक हंगाम गेला. संडास आमच्या आतल्यापेक्षा स्वच्छ असतो. पाणी हाताशी असलं की माणूस घाण करत नाही, पाणी नसलं की राजाही करतो.

दुसरी हरकत वास्तूची आली. कुणीतरी सांगितलं, अमुक कोपऱ्यात संडास नको. मी विहीर कुठल्या बाजूला आहे, रानाचा उतार कुठं जातो आणि वारं कुठून येतं एवढंच पाहिलं. माझं वास्तुशास्त्र तेवढंच.

पाहुण्यांचीही सोय झाली, हे आपोआप. आधी घरात सगळे संडास बेडरूमच्या आत. धाकटीला बघायला पाहुणे आले होते, त्यातल्या एका म्हाताऱ्याला लघवीला जायचं होतं. बिचाऱ्याला सूनबाईच्या बेडरूममधून जावं लागलं, पलंगावर कपड्यांचा ढीग. तोही शरमला, तीही शरमली. आता पाहुणा असो, वायरमन असो, टँकरवाला असो, त्याला पडवी दाखवायची.

सगळ्याला खर्च लाखाच्या थोडा आत आला. पाइप फोडायचे पैसे धरून. हॉलच्या पीओपीला आणि दिव्यांना मी त्या काळात याच्याहून जास्त घातले होते, आणि त्यातले निम्मे दिवे आता लागत नाहीत.

लागवडीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी रानात पाण्याची कळशी घेऊन गेलो. मावशीनं तांब्या भरून घेतला, उभ्यानं सगळा प्यायली, आणि परत पुढं केला. "दादा, आणखी हाय का?" म्हणाली.

काल रात्री शेजाऱ्याचा फोन आला होता. वास्तुशांतीला हसला होता तोच. मागच्या दाराच्या बाहेर आठ बाय दहाची जागा शिल्लक आहे म्हणतो, तेवढ्यात बसेल का? म्हटलं, बसतंय. उद्या सकाळी दोरी आणि चुना घेऊन ये, गाळाच्या चेंबरपासून आखायला घेऊ.